फटाक्यांचे नियम सणाच्या तोंडावर नकोत : नियम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सणासुदीच्या फटाक्यांविषयी कायदे, नियम आणि आदेश काढणारे सर्व लोकप्रतिनिधी, न्यायाधीश आणि अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

सण आठ-दहा दिवसांवर आला की फटाक्यांबद्दल आदेश निघतात. कुठे विक्री थांबते, कुठे वेळ बदलते, कुठे एखादा प्रकार रातोरात बेकायदा ठरतो. मग चार दिवस वाद रंगतो. फटाके पूर्ण बंद करा म्हणणारे एका बाजूला, आमच्या सणाला हात लावू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला. सण सरतो, भाजलेल्यांच्या जखमा भरायला महिने लागतात आणि तो विषय पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यापर्यंत बंद होतो. या दोन्ही बाजूंपैकी कुणाचीही वकिली मी इथे करणार नाही. आपण नियम कधी करता आणि कशावर करता, एवढ्याच दोन गोष्टींबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. फटाक्यांचे बरेचसे नुकसान या दोन ठिकाणच्या चुकीतून होते, असे माझे मत आहे.

मला फटाके आवडतात, हे आधीच सांगतो. काळ्या आकाशात उमलणारा लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा आणि पिवळा सोडियमचा, हे कळल्यावर त्यातली गंमत माझ्यासाठी वाढलीच. आवडती गोष्ट दरवर्षी कुणाचा तरी डोळा किंवा बोटे घेऊन जाते, हे मात्र मला सहन होत नाही. म्हणून हे पत्र.

आधी वेळेबद्दल. भारताचेच उदाहरण घेऊ. २०१७ साली दिल्ली आणि परिसरातली फटाकेविक्री थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ९ ऑक्टोबरला आला. दिवाळी १९ ऑक्टोबरला होती. २०१८ साली देशभरासाठी हरित (म्हणजे कमी प्रदूषण करणारे) फटाके, दिवाळीत रात्री आठ ते दहाची वेळ, लडींवर आणि ऑनलाइन विक्रीवर बंदी हे सगळे सांगणारा महत्त्वाचा निकाल २३ ऑक्टोबरला लागला. दिवाळी ७ नोव्हेंबरला. २०२१ साली बेरियमच्या क्षारांवरील बंदी पाळली जात नाही म्हणून न्यायालयाने २९ ऑक्टोबरला पुन्हा बजावले. दिवाळी ४ नोव्हेंबरला. २०२५ साली दिल्ली परिसरात हरित फटाक्यांना मुभा देणारा आदेश १५ ऑक्टोबरला निघाला. दिवाळी २० ऑक्टोबरला. निकालांतला विचार मला बऱ्याच अंशी पटतो, आणि उशिराचा दोष मी न्यायालयाला देत नाही. कायदे करणाऱ्यांनी आणि ते राबवणाऱ्यांनी जे काम वर्षभरात करायचे, ते न केल्यामुळे लोकांना सणाच्या तोंडावर न्यायालयात जावे लागते आणि न्यायालयाला त्याच आठवड्यात उत्तर द्यावे लागते.

फटाका काही सणाच्या आदल्या दिवशी तयार होत नाही. दारू कालवणे, नळ्या वळणे, वाती लावणे, उन्हात वाळवणे, खोक्यात भरणे, गोदामात नेणे, घाऊक व्यापाऱ्याकडून किरकोळ विक्रेत्याकडे पोचवणे यात महिनोन्‌महिने जातात. सण दहा दिवसांवर येतो तेव्हा माल दुकानात आलेला असतो, आणि बराचसा तर लोकांच्या घरांतही. त्या दिवशी आपण जे बेकायदा ठरवता ते कुणाच्या तरी पलंगाखाली, जिन्याखाली, दुकानाच्या पोटमाळ्यावर पडलेले असते. ते तिथून नाहीसे होत नाही. ते लपवले जाते. स्फोटक माल लपवून ठेवणे हे तो उघड्यावर विकण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

साठ्याचा धोका मी वाढवून सांगत नाही. १३ मे २००० रोजी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात, भर वस्तीत असलेल्या फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाले. २३ माणसे गेली, त्यांत आग विझवायला आलेले चार जवान होते. साडेनऊशेच्या आसपास लोक जखमी झाले आणि सुमारे चारशे घरे नष्ट झाली. तिथे कोणताही सण चालू नव्हता. शनिवारची दुपार होती. पेरूची राजधानी लिमा इथे २९ डिसेंबर २००१ रोजी, नववर्षाच्या खरेदीची गर्दी असताना, बाजारातल्या फटाक्यांनी पेट घेतला आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. मेक्सिकोतल्या तुल्तेपेक गावाजवळचा सान पाब्लितो हा फटाक्यांचाच बाजार. तो २० डिसेंबर २०१६ रोजी उडाला, किमान ४२ जणांना घेऊन. त्याच बाजारात २००५ आणि २००६ सालीही स्फोट झाले होते. एका फटाक्याने हात भाजतो, डोळा जातो. साठ्याने मोहल्ला जातो. म्हणून ज्या आदेशामुळे साठा उजेडातून अंधारात जातो, तो आदेश कितीही चांगल्या हेतूने काढलेला असो, धोका वाढवतो.

आणखी एक परिणाम कारखान्यात होतो. काय चालणार आणि काय नाही हे शेवटपर्यंत ठरत नसेल, तर ठरल्यावर उरलेल्या थोड्या दिवसांत उत्पादन उरकायची घाई होते. दारूच्या कामात घाईइतके वाईट काही नाही. शिवकाशीजवळच्या एका कारखान्यात ५ सप्टेंबर २०१२ रोजी, दिवाळीच्या हंगामाचे काम जोरात असताना, स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे दगावली. सणाच्या रात्री आपण ज्यांचा विचार करतो त्यांत ही माणसे नसतातच.

याउलट, जे नियम वर्षानुवर्षे तेच राहिले ते लोकांच्या अंगवळणी पडले. भारतात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सांगितले. सगळे पाळतात असे नाही, पण दहानंतर फटाका वाजला की तो नियमाबाहेर आहे हे शेजारच्याला माहीत असते आणि तो हक्काने बोलू शकतो. ब्रिटनमध्ये २००४ च्या नियमांनी रात्री अकरा ते सकाळी सात फटाके उडवायला मनाई केली. तिथल्या फटाक्यांच्या पारंपरिक रात्री, म्हणजे ५ नोव्हेंबरला, मध्यरात्रीपर्यंत आणि नववर्षाची रात्र, चिनी नववर्ष व दिवाळी या तीन रात्री एक वाजेपर्यंत सूट दिली. जर्मनीत सामान्य माणसाला आतषबाजीचे फटाके डिसेंबरच्या शेवटच्या मोजक्या दिवसांतच विकत घेता येतात आणि ३१ डिसेंबर व १ जानेवारी याच दोन दिवशी उडवता येतात. रुग्णालये, प्रार्थनास्थळे, बालगृहे, वृद्धाश्रम आणि पटकन पेट घेणाऱ्या इमारती यांच्या लगत तर नाहीच. त्या नियमांतले सगळे आदर्श आहे असे माझे म्हणणे नाही. पण यंदा काय चालणार हे विचारायला तिथल्या कुटुंबाला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही.

माझी पहिली मागणी म्हणून साधी आहे. पुढच्या सणाचे नियम या सणानंतर लगेच, कारखान्यात नवी दारू कालवायच्या आधी, ठरवा आणि जाहीर करा. ते किमान काही वर्षे बदलू नका. आणीबाणीच्या कारणाने मधेच बदलावे लागलेच, तर बाद झालेला माल परत घेण्याची जागा आणि त्याचा मोबदला त्याच आदेशात लिहा. मोबदल्याची सोय नसलेला बंदी-आदेश म्हणजे माल लपवण्याचे आमंत्रण आहे.

आता दुसरी गोष्ट, नियम कशावर असावा. सध्या आपला सगळा भर फटाका पेटवणाऱ्या माणसावर आहे. तो किती वाजता पेटवतो, कुठे पेटवतो, किती पेटवतो. या नियमांची अंमलबजावणी रस्त्यावरच्या शिपायावर येते. त्याच्या जागी उभे राहून पाहा. रात्रीचे साडेदहा, चारी बाजूंनी धूर, पन्नास गच्च्यांवर पन्नास कुटुंबे. आवाज झाला की तो पोचेपर्यंत तिथे फक्त कागदाचे कपटे उरतात. फटाक्याचा पुरावा फटाक्याबरोबरच जळतो. किती डेसिबल होता, दारूत बेरियम होते का, वात किती सेकंदांची होती, यातले काहीही नंतर सिद्ध करता येत नाही. जो नियम वाजल्यानंतर तपासता येत नाही तो वाजण्यापूर्वी तपासला पाहिजे, आणि वाजण्यापूर्वी फटाका कारखान्यात, गोदामात आणि दुकानाच्या फळीवर असतो.

वस्तूवरचा नियम किती बारीक आणि किती उपयोगी असू शकतो, याचा नमुना अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमांत आहे. तिथे घरगुती फटाक्याची वात किमान तीन आणि जास्तीत जास्त नऊ सेकंदांत दारूपर्यंत पोचली पाहिजे. तीनहून कमी असेल तर पेटवणाऱ्याला मागे सरायला वेळ मिळत नाही. नऊहून जास्त असेल तर तो विझला समजून माणूस वाकून बघायला जातो. दोन्ही आकड्यांमागे माणसाच्या वागण्याचा विचार आहे. उभ्या ठेवायच्या फटाक्याची बैठक त्याच्या उंचीच्या किमान एक तृतीयांश रुंद हवी, म्हणजे तो कलंडणार नाही. मोठ्या नळ्यांचे एकत्र बांधलेले संच उलटून पाहणाऱ्यांचे जीव गेले, तेव्हा १९९० च्या दशकात त्यांच्यासाठी वेगळी चाचणी आली. संच ६० अंशांपर्यंत तिरका केला तरी पडता कामा नये. जमिनीवर वाजणाऱ्या फटाक्यात आवाजाची दारू ५० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. ५० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. तेवढ्यातही आवाज होतो, सणही होतो, पण चुकून हातात वाजला तर बोटे शिल्लक राहण्याची शक्यता बरीच वाढते.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात फटाक्यांचे चार वर्ग आहेत. सगळ्यात सौम्य वर्ग बारा वर्षांवरच्यांना, पुढचा सोळा आणि त्यापुढचा अठरा वर्षांवरच्यांना मिळू शकतो. चौथा फक्त प्रशिक्षितांना. पहिल्या तीन वर्गांना अनुक्रमे किमान एक, आठ आणि पंधरा मीटर सुरक्षित अंतर ठरवून दिलेले आहे, आणि त्या अंतरावर आवाज १२० डेसिबलहून वर जाता कामा नये. भारतात मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल अशी आहे, आणि लडीसाठी त्यातल्या फटाक्यांच्या संख्येनुसार ती कमी करण्याचे सूत्रही आहे. क्लोरेट (जळायला प्राणवायू पुरवणारा क्षार) आणि गंधक एकत्र असलेली दारू जराशा घर्षणाने, कधी तर आपोआपही पेटते म्हणून १९९२ पासून भारतात तिला मनाई आहे. म्हणजे वस्तूवरचे नियम आपल्याकडे नाहीत असे नाही. ते कारखान्याच्या परवान्यापाशी थांबतात, दुकानाच्या फळीपर्यंत येत नाहीत.

म्हणून दुसरी मागणी. सणाआधीच्या दोन-तीन महिन्यांत दुकानांतून आणि गोदामांतून, न कळवता, नमुने उचला. ते वाजवून, जाळून, उघडून तपासा. वात किती सेकंदांची, आवाज किती, दारू किती, कसली. निकाल कंपनीच्या आणि मालाच्या खेपेच्या क्रमांकासह, विक्री सुरू होण्यापूर्वी लोकांसमोर ठेवा. नापास खेप परत बोलवा. हरित फटाक्यांच्या खोक्यावर क्यूआर कोड असतो, पण कोडही नकली छापता येतो. फळीवरून उचललेला नमुना तपासल्याशिवाय त्या कोडाला अर्थ नाही. एवढे केलेत तर सणाच्या रात्री शिपायाचे निम्मे काम आधीच झालेले असेल.

फुलबाजीबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण तिच्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. ती वाजत नाही, उडत नाही, म्हणून ती लहान मुलांची मानली जाते. चालता येऊ लागलेल्या मुलाच्या हातातही आपण ती देतो आणि फोटो काढतो. पेटलेल्या फुलबाजीचे टोक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कधी त्याहूनही तापते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. एवढ्या तापमानाचा निखारा लहान मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, कपड्याच्या झालरीजवळ असतो. विझल्यावर तार काळी पडते, गार दिसते, मुले ती उचलतात किंवा अनवाणी तिच्यावर पाय देतात. जमिनीवर टाकलेल्या तारेने भाजलेले तळवे हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. ब्रिटनमध्ये फुलबाजीच्या पाकिटावर पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये, अशी सूचना असते. फुलबाजीवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. मोठ्या अक्षरांत वय, हातभर लांब धरण्याचे चित्र, एका वेळी एकच पेटवण्याची सूचना आणि विझलेली तार पाण्याच्या बादलीत टाकण्याचे चित्र, एवढे तरी पाकिटाच्या पुढच्या बाजूला सक्तीचे करा. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, विकत घेणाऱ्याला न येणाऱ्या भाषेत छापलेली सूचना म्हणजे कंपनीने स्वतःच्या बचावासाठी केलेली सोय आहे.

डोळ्यांचे तर त्याहून वेगळे. फटाक्याने डोळा जखमी झालेल्यांच्या जिथे जिथे नीट नोंदी ठेवल्या गेल्या, तिथे साधारण निम्मे लोक फटाका पेटवणारे नसून नुसते पाहणारे किंवा रस्त्याने जाणारे होते. हे वाक्य मी आपल्या टेबलावर ठेवू इच्छितो. आपले पैसे, आपला हात, आपला धोका, मग सरकारने मधे का पडावे, असे म्हणणाऱ्यांना याच वाक्यात उत्तर आहे. जो बघत होता त्याने कोणता धोका पत्करला होता? बाटलीत उभे केलेले रॉकेट बाटली कलंडली की आडवे सुटते आणि समोरच्याच्या तोंडाच्या उंचीवर जाते. ज्या गल्लीत दोन भिंतींमधे पाच मीटर जागा नाही, तिथे पंधरा मीटर अंतर लिहिलेला फटाका विकणे म्हणजे तो नियम मोडण्यासाठीच विकणे आहे.

या कोंडीतून मला दिसणारा रस्ता मैदानाचा आहे. फिलिपिन्समध्ये नववर्षाच्या रात्री जखमींनी रुग्णालये भरत. तिथल्या आरोग्य खात्याने वर्षानुवर्षे डिसेंबरच्या उत्तरार्धात रुग्णालयांतून नोंदी गोळा केल्या. कुणाला लागले, वय काय, पेटवणारा की पाहणारा, आणि मुख्य म्हणजे कोणत्या फटाक्याने. त्या नोंदींतून विशिष्ट फटाक्यांची नावे पुढे आली, मुलांना सर्वाधिक इजा करणारी. मग जून २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने फटाके उडवणे ठरवून दिलेल्या सामुदायिक जागांपुरते मर्यादित झाले. अपघात संपले नाहीत, पण पुढच्या वर्षांत जखमींची संख्या आधीच्या मानाने खाली आली. भारताच्या २०१८ च्या निकालातही सामुदायिक आतषबाजीच्या जागा शोधा असे म्हटले होते. किती शहरांनी त्या जागा खरोखर आखल्या, तिथे पाणी, वाळू, प्रकाश आणि प्रथमोपचाराची सोय केली, हे आपण आपल्या अधिकाऱ्यांना विचारा. जागा दिल्याशिवाय गल्लीत उडवू नका म्हणणे लोकांना पटत नाही आणि पटायला नकोच.

मैदानात उडवले म्हणजे आपोआप सुरक्षित झाले, असेही नाही. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल मंदिराच्या आतषबाजीत १० एप्रिल २०१६ च्या पहाटे साठ्याने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. नाकारून प्रशासन घरी गेले आणि साठा जागेवरच राहिला. प्रेक्षक आणि साठा यांच्यातले अंतर मोजणारा, रात्री तिथे उभा राहणारा अधिकारी नसेल, तर नकाराचा कागद कुणालाही वाचवत नाही.

पूर्ण बंदीबद्दल. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. दमा असलेल्या माणसाला, तान्ह्या बाळाला, घाबरून पळत सुटणाऱ्या कुत्र्याला, घरट्यांतून उडालेल्या पक्ष्यांना कुणी विचारत नाही, हे खरे आहे. नेदरलँड्स आणि जर्मनीत करोनाच्या दोन वर्षांत नववर्षाच्या फटाक्यांची विक्री थांबली तेव्हा जखमींची संख्या घसरली, हेही खरे. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत घरगुती फटाके मिळत नाहीत आणि तिथले लोक शहराची आतषबाजी बघायला एकत्र जमतात. पण बंदी शेजारच्या प्रदेशाशी जुळलेली नसेल तर माल सीमा ओलांडतो, आणि तसा येणारा माल बहुधा अधिक जोरकस आणि कुणीही न तपासलेला असतो. बीजिंगने १९९३ साली शहरात फटाक्यांवर बंदी घातली, पुढे २००६ च्या नववर्षापासून ती शिथिल केली, मग पुन्हा आवळली. वरून घातलेली आणि लोकांनी न स्वीकारलेली बंदी अशी मागेपुढे होत राहते. माझे स्वतःचे मत असे की सुरुवात सर्वाधिक इजा करणाऱ्या दोन प्रकारांपासून करावी. नुसता आवाज करणारे जाड बॉम्ब आणि काठीवरची रॉकेटे. नेदरलँड्सने २०२० मध्ये साधारण याच प्रकारांना आधी हात घातला होता. झाड, भुईचक्र, रंगीत प्रकाशाचे फटाके राहू द्या. लोकांना काहीतरी हातात राहिले की उरलेले सोडणे जड जात नाही.

पण कोणते दोन प्रकार, हे माझ्या मताने ठरू नये. ते नोंदींनी ठरावे. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग दरवर्षी फटाक्यांच्या इजांचा अहवाल काढतो. कोणत्या फटाक्याने, शरीराच्या कोणत्या भागाला, कोणत्या वयात. आपल्या रुग्णालयांत भाजलेला माणूस आला की कागदावर फक्त ‘फटाक्याने भाजले’ असे लिहिले जाते. त्याच कागदावर आणखी चार रकाने टाका : फटाक्याचा प्रकार, खोक्यावरचे नाव, पेटवणारा की पाहणारा, आणि पेटवताना, हातात की न उडालेला उचलताना. याला ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च. तीन सणांच्या नोंदी हाती आल्या की कशावर बंदी घालायची यावर वाद घालायची फारशी गरज राहणार नाही.

त्या शेवटच्या रकान्यामागे एक कारण आहे. न उडालेला फटाका मेलेला नसतो. दमट वात आत हळूहळू धुमसत राहू शकते. वाकून फुंकर मारली, पुन्हा काडी लावली की तो तोंडावर येतो. अशा फटाक्यापासून किमान वीस मिनिटे लांब राहावे, मग लांबूनच त्यावर भरपूर पाणी ओतून तो भिजवून टाकावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले रस्त्यावर न उडालेले फटाके गोळा करत हिंडतात, त्यांतली दारू काढून कागदावर पेटवतात. सणाच्या रात्रीनंतरची सफाई उजाडण्यापूर्वी व्हावी, असा आदेश पालिकेला देणे आपल्या हातात आहे. ते कामही सफाई कामगारांना हातमोजे, चष्मे आणि पाण्याचे पिंप दिल्याशिवाय सांगू नका.

खोक्यावर आणखी तीन ओळी सक्तीच्या कराव्यात, कारण इजा झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत घरचे लोक जे करतात त्यावर बरेच ठरते. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, मलम नको. डोळ्याला लागले तर चोळू नका, दाबू नका, आत रुतलेले काही काढू नका. डोळ्यावर दाब न येईल असे काही धरून थेट नेत्ररुग्णालय गाठा. आणि त्या रात्री जवळचे कोणते नेत्ररुग्णालय उघडे आहे, हे सणाआधी जाहीर करणे आपल्या आरोग्य खात्याचे काम आहे. डोळ्याचा डॉक्टर शोधत गाडी फिरवण्यात गेलेला तास अनेकदा दृष्टीच घेऊन जातो.

विक्रेत्याला मी खलनायक मानत नाही. त्याने माल आधी पैसे टाकून घेतलेला असतो आणि त्याचा सगळा हंगाम थोड्या दिवसांचा. पण परवाना देताना त्याला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण सक्तीचे करा. अल्पवयीन मुलाला नाही म्हणणे, दुकानात साठा किती ठेवायचा, वाळूच्या बादल्या कुठे, दोन दुकानांत अंतर किती, मागचा दरवाजा उघडा का हवा. लिमात माणसे नुसत्या आगीने मेली नाहीत. अरुंद, भरगच्च बाजारातून त्यांना बाहेर पडता आले नाही. तात्पुरत्या दुकानांना ओळीने, एकाला एक चिकटून परवाने देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ती घटना वाचलेली असावी.

माझी विनंती एका तारखेची आहे. यंदाचा सण संपल्यापासून साठ दिवसांच्या आत पुढच्या सणाचे नियम आपल्या राजपत्रात आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लागावेत. त्यात कोणते प्रकार चालणार, दारूची आणि आवाजाची मर्यादा किती, वेळ कोणती, मैदाने कोणती आणि नमुने कोण तपासणार, एवढे असावे. तो मसुदा काढण्याआधी अग्निशमन दलाचे लोक, भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर, कारखान्यातले कामगार आणि विक्रेते यांना एका टेबलाशी बसवा. आणि ती बैठक कोणत्या दिवशी होणार, हे या पत्राच्या उत्तरात कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक